काळ्या डब्याची अब्रू

प्लॅस्टिकला नावं ठेवण्यात मराठी माणसाचा हात कुणी धरणार नाही, आणि प्लॅस्टिकच विकत घेण्यातही नाही. दोह्याच्या अल मुंतझामध्ये, बी रिंग आणि सी रिंग रोडच्या मधल्या फ्लॅटांत, सध्या ही दोन्ही कामं जोडीनं चालू आहेत. निमित्त आहे फिल्मचं. मोबाइलमध्ये चाळीस हजार फोटो साठवून झाले की माणसाला अचानक छत्तीसच फोटो काढायची तहान लागते. मग सुट्टीत माळ्यावरचा बाबांचा कॅमेरा खाली उतरतो, विमानानं दोह्याला येतो, रोल मागवले जातात आणि ते फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी जाऊन बसतात. व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई विचारतात, "हे औषध कुणाचं गं?" सूनबाई नवऱ्याकडे बघतात. नवरा छताकडे.

पुढची पायरी ठरलेली. रोल धुऊन स्कॅन करून देण्याचा दर ऐकला की स्वावलंबनाचा झरा फुटतो. "एवढे पैसे? त्यापेक्षा घरीच धुऊ की!" घरी म्हणजे न्हाणीघरात, कारण फ्लॅटमध्ये पुरता अंधार करता येईल अशी ती एकच खोली. तिच्या खिडकीला रुपेरी फॉइल लावलं तरी शेजारी चौकशी करत नाहीत; उन्हाच्या भीतीनं आपल्या खिडक्यांना त्यांनीही तेच लावलेलं असतं. राहता राहिलं सामान. इथे खरी गंमत सुरू होते. चार हजार रियालचा फोन घेताना ज्यानं दुकानदाराला एक शब्द विचारला नाही, तोच गृहस्थ रोल धुण्याची टाकी घेताना तीन रात्री जागतो. नामांकित टाकी महाग वाटते, बिननावाची निम्म्यात मिळते. निर्णय ठरलेला असतो, त्याला फक्त तत्त्वज्ञान हवं असतं. "शेवटी काळा डबाच ना?"

हो, काळा डबाच. पण भोसरीच्या एखाद्या मोल्डिंगवाल्याला विचारा. तो सांगेल, अशा मालात दाण्याचा खर्च किरकोळ, पैसा जातो डायमध्ये. डाय नवी आणि नीट पॉलिश केलेली असली की माल सफाईदार निघतो. ती झिजली की सांध्याच्या रेषेवर बर राहतो, म्हणजे पात्यासारखी पातळ कड. बादलीला बर राहिला तर हाताला खरचटतं, एवढंच. तोच बर रोल गुंडाळायच्या रिळाच्या खाचेत राहिला तर छत्तीसच्या छत्तीस फोटोंचा निकाल लागतो. दुसरी कंजुषी रंगात होते. काळा रंग दाण्यात मास्टरबॅच मिसळून येतो. तो हात आखडून घातला की डबा डोळ्यांना काळा दिसतो, पण उन्हासमोर धरला की पातळ जागी तपकिरी उजळतो. आपल्याला जे तपकिरी दिसतं ते चारशे आयएसओच्या फिल्मला दिवसासारखं लख्ख दिसतं.

रिळाकडे जरा थांबू, कारण शिव्या सगळ्यात जास्त त्यालाच बसतात. छत्तीस फोटोंची पस्तीस मिलिमीटर फिल्म दीड मीटरहून लांब असते. ती ठार अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजानं, तळहातावर मावेल एवढ्या रिळात अशी भरायची की एक वेढा दुसऱ्याला शिवता कामा नये. इंग्लंडच्या पॅटरसनच्या रिळात यासाठी दोन चिमुकल्या पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. दोन्ही चकत्या आळीपाळीनं मागेपुढे फिरवल्या की गोळी फिल्मला धरते, सोडते, पुन्हा धरते आणि फिल्म आपोआप आत सरकत जाते. इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती. नक्कल करणाऱ्यांनी तिचं सगळं उचललं: डब्याचा आकार, नरसाळ्यासारखं झाकण, कुठल्या रोलला किती मिलिलिटर हे सांगणारे तळावरचे आकडेसुद्धा. गोळीची खोबण मात्र त्यांनी अंदाजानं केली. गोळी सैल बसली तर फिल्म धरत नाही, घट्ट बसली तर सोडत नाही. फिल्म मध्येच अडते, माणूस अंधारात जोर लावतो, वेढा खाचेतून उडी मारून शेजाऱ्याला चिकटतो. चिकटलेल्या जागी ना डेव्हलपर पोचत ना फिक्सर. निगेटिव्हवर दुधी डाग उमटतो आणि तो कधीही पार्किंगच्या फोटोवर पडत नाही, बारशाच्या फोटोवरच पडतो.

तरी रिळाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ऑगस्टच्या शेवटी दोह्यातली हवा अशी असते की एसीतून बाहेर पडताक्षणी चष्म्यावर वाफ धरते. त्या दिवसांत न्हाणीघराचं दार लावून, एक्झॉस्ट बंद करून, घामेजल्या बोटांनी रोल भरायला बसलात तर जगातलं सर्वोत्तम रीळही अडेल. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, ओल लागली की तो चिकट होतो. अंधारात रोल भरायच्या चेंजिंग बॅगेत तर हातांचा घाम आतच कोंडतो आणि दहा मिनिटांत पिशवीचं स्टीमबाथ होतं. बॅग घेऊन एसीच्या खोलीत बसावं, रिळावर आधी हेअर ड्रायर फिरवावा, फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीनं किंचित गोल करावेत. शेवटच्या पाण्यात डाग पडू नयेत म्हणून जे वेटिंग एजंट घालतात, त्यात फिल्म रिळासकट बुडवू नये. त्याचा साका खाचेत बसतो आणि महिन्याभरानं चांगलं रीळही दगा द्यायला लागतं. जुना टूथब्रश आणि गरम पाणी एवढाच त्याला उतारा. या सगळ्याचा कंटाळा करायचा आणि "प्लॅस्टिकच ते, दुसरं काय होणार" म्हणून मोकळं व्हायचं, हे आपल्याला छान जमतं.

ओळखीतल्या एका साहेबांनी कुणाकडून तरी वापरलेली टाकी घेतली. देणारा म्हणाला, सगळं ओके आहे. पहिला रोल धुतला, पूर्ण काळा. दुसरा धुतला, तोही काळा. डेव्हलपरला दोष दिला, कॅमेऱ्याला दिला, विमानतळावरच्या एक्स-रे यंत्राला दिला. अखेर कळलं, टाकीत मधली नळीच नव्हती. रिळाच्या आरपार जाणारी ती काळी नळी म्हणजे टाकीचा दरवान. नरसाळ्यातून द्रव आत जावा आणि उजेड बाहेरच राहावा, हे तिचं काम. दिसायला ती इतकी फालतू असते की खोका उघडताना लोकांना पॅकिंगचा भाग वाटते. साहेबांच्या घरी मात्र अधिकृत निष्कर्ष आजही हाच आहे की प्लॅस्टिकमध्ये दम नसतो.

झाकणाचं दुखणं वेगळं. टाकी उलटी-सुलटी केली की स्वस्त झाकणाच्या कडेनं फिक्सर ठिबकतो आणि न्हाणीघराची पांढरी फरशी आणि घरातली शांतता एकदम डागाळते. यातही निम्मा भाग हाताचा. मऊ झाकण बसवताना मधोमध दाबून आतली थोडी हवा काढून टाकली तर ते घट्ट बसतं. उरलेला निम्मा भाग नक्कलवाल्याचा, कारण त्यानं ओठ अर्धा मिलिमीटर आखूड केलेला असतो.

"म्हणून म्हणतो, स्टीलच घ्यावं," असं सांगणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात. ते स्वतः फिल्म धूत नाहीत. इंग्लंडच्या ह्यूज कंपनीची पोलादी रिळं अप्रतिम असतात यात वाद नाही. ओली असली तरी कुरकुरत नाहीत, आणि हात बसला की आयुष्यभर साथ देतात. पण काका ज्या दरात स्टील मिळतं म्हणतात त्या दरातलं रीळ एकदा फरशीवर पडलं की तार वाकते, आणि वाकलेलं रीळ सरळ झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. प्लॅस्टिकचं पडलं तर टुणकन उडी मारून कमोडमागे जातं, धुऊन परत वापरता येतं. स्वस्त स्टीलपेक्षा स्वस्त प्लॅस्टिक परवडलं, असं माझं स्पष्ट मत.

मुळात प्लॅस्टिक आणि फोटोग्राफी ही सोयरीक जुनी आहे. कोलोडियनच्या जमान्यात काचेच्या निगेटिव्ह धुवायच्या ताटल्या काचेच्या आणि चिनी मातीच्या असत, तशा गटापर्चाच्याही असत. गटापर्चा म्हणजे झाडाचा चीक वाळवून केलेलं निसर्गाचं प्लॅस्टिक. पुढे लिओ बेकलंड नावाच्या रसायनतज्ज्ञानं व्हेलॉक्स हा फोटोचा कागद काढला, तो १८९९मध्ये ईस्टमन कोडॅकला विकला, आणि हाती आलेल्या पैशांवर घरच्या प्रयोगशाळेत खटपट करत १९०७मध्ये बॅकेलाइट शोधलं. म्हणजे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक फोटोच्या कागदाच्या कमाईवर जन्माला आलं. आणि आपल्याकडचं बघायचं तर जुने अल्बम काढा. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री, प्लॅस्टिकचा डबा, एकशेवीसच्या रोलवर बारा चौकोनी फोटो. आजी-आजोबांचे महाबळेश्वरचे जे फोटो आज फ्रेममध्ये आहेत त्यांतले कितीतरी त्याच डब्यानं काढलेले. तेव्हा त्याला प्लॅस्टिक म्हणून कुणी हिणवलं नाही, कारण घरात दुसरा कॅमेराच नव्हता.

मग पैसे वाचवायचे तरी कुठे? पुष्कळ ठिकाणी. औषधाच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज हे डार्करूममधलं सगळ्यात स्वस्त प्लॅस्टिक आणि सगळ्यात भरवशाचंही. रोडिनाल हा १८९१पासून चालत आलेला डेव्हलपर एकास पन्नास वापरायचा तर तीनशे मिलिलिटर पाण्याला सहा मिलिलिटर पुरतो. हे सहा मिलिलिटर मोजायला "फोटोग्राफीसाठी खास" असं छापलेलं महागडं मोजपात्र कशाला? ट्रेचंही तसंच. हायपरमार्केटातला खोलगट ट्रे प्रिंट धुवायला उत्तम चालतो. एकच अट: तो पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. ही अट वहिनींनी आधीच घातलेली असते, त्यामुळे मी त्यावर जास्त बोलत नाही.

बाटल्यांसाठी मात्र बूड बघायची सवय लावा. तळाशी त्रिकोणात आकडा असतो. चार आकड्याच्या मऊ, दाबल्या की पिचकणाऱ्या बाटलीतून हवा हळूहळू आत झिरपते आणि डेव्हलपर आतल्या आत म्हातारा होतो. एक आकड्याची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या जातीची, त्यापेक्षा बरी, आणि काचेची सगळ्यात बरी. ट्रे पाच आकड्याचा असला तर तो वाकतो पण तडकत नाही. सहा आकड्याचा कडक ट्रे चकाचक दिसतो आणि एक दिवस कोपऱ्यातून चिरतो. हे सगळं फुकट वाचायला मिळतं, डब्याच्या बुडाशी. आपण वाचतो फक्त किमतीचा स्टिकर.

जिथे हात आखडू नये ती वस्तू म्हणजे थर्मामीटर, आणि नेमका तोच आपण तीन वस्तूंवर एक फुकट म्हणून आलेला वापरतो. एचपी-फाइव्ह फिल्म आयडी-इलेव्हन डेव्हलपरमध्ये धुवायची तर वीस अंशांना साडेसात मिनिटं. आता जुलैतल्या दोह्यात वीस अंश कुठून आणणार? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर उकडलेलं, "थंड" असं लिहिलेल्या नळाखाली हात धरवत नाही. इथली जुनी मंडळी उन्हाळ्यात गीझर बंद करतात आणि गरम नळाचं पाणी थंड म्हणून वापरतात, कारण गीझर घरात एसीच्या गारव्यात असतो. ही युक्ती अंघोळीला पुरते, डेव्हलपरला पुरत नाही. त्यासाठी बर्फाची झिपवाली पिशवी भांड्यात सोडावी लागते. बर्फ थेट टाकला तर डेव्हलपर पातळ होतो. आणि या सगळ्या खटाटोपाच्या शेवटी फुकटचा थर्मामीटर वीस दाखवतो तेव्हा खरं तापमान बावीस असतं, किंवा अठरा. निगेटिव्ह जाड आल्या तर फिल्मला दोष, पातळ आल्या तर कॅमेऱ्याला. त्या बापड्या थर्मामीटरकडे कुणी संशयानं बघतसुद्धा नाही. घरात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर असतोच. कोमट पाणी सदतीसच्या आसपास आणून दोन्ही त्यात धरा. किती फरक पडतो ते काचेवर मार्करनं लिहून ठेवा, काम झालं.

सेफलाइटचं, म्हणजे प्रिंट काढताना लावायच्या लाल दिव्याचं, एका वाक्यात उरकतो: लाल दिसणारा प्रत्येक एलईडी बल्ब लाल नसतो, म्हणून कागदाला आधी किंचित राखाडी होईल इतका उजेड दाखवून त्यावर नाणं ठेवा, दिव्याखाली पाच-सात मिनिटं राहू द्या, धुतल्यावर नाण्याचा गोल दिसला तर बल्ब दिवाळीच्या माळेत वापरा.

आता कुणी म्हणेल, छंदापायी एवढा हिशेब? छंदाचीच गोष्ट निघाली तर याच शहरातले शेख सौद बिन मोहम्मद अल थानी आठवावेत. १९९९मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात गुस्ताव ल ग्रेचं समुद्राच्या लाटेचं एक छायाचित्र ५,०७,५०० पौंडांना गेलं. छायाचित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी रक्कम आणि घेणारे होते हे शेख. ते छायाचित्र होतं १८५७च्या सुमाराचं. दीडशे वर्षं ते टिकलं, कारण कुणीतरी ते नीट फिक्स केलं होतं आणि भरपूर पाण्यात धुतलं होतं. ताटली कशाची होती हे लिलावात कुणी विचारलं नाही.

पैसा नेमका कुठे ओतायचा हे ज्याला कळलं त्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. दादासाहेब फाळके १९१२मध्ये विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि पन्नास पौंडांचा विलियमसन कॅमेरा त्यांनी तिथे विकत घेतला. कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही मागवलं. या दोन गोष्टींत त्यांनी घासाघीस केली नाही. बाकी सगळं दादरच्या राहत्या घरात भागवलं. डार्करूम घरातच, आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायला पत्नी सरस्वतीबाई. पुढच्या वर्षी मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. आजच्या आपल्या पद्धतीनं चाललं असतं तर भोकं पाडायचं यंत्र बिननावाचं आलं असतं आणि वाचलेल्या पैशांतून डार्करूमच्या दाराला सुंदर पाटी लागली असती.

आपली उधळपट्टी आणि काटकसर यांची अशी अदलाबदल झाली आहे. कॅमेऱ्याला इटालियन चामड्याचा पट्टा, रोल ठेवायला कप्प्यांची पितळी डबी, आणि ज्या एका रिळावर सगळी भिस्त ते मात्र निम्म्या किमतीत. वर मुंबईहून येणाऱ्या मेव्हण्याला निरोप: "येताना डी-सेव्हंटीसिक्सची पाकिटं घेऊन ये." त्या बिचाऱ्यानं पांढऱ्या पुडीची बिनलेबलाची पाकिटं बॅगेत घालून दोह्याच्या कस्टमसमोर उभं राहायचं आणि ही फोटो धुवायची पावडर आहे हे तीन भाषांत समजावायचं. कंपनीच्या सीलबंद पाकिटाचे चार पैसे जास्त पडतात, म्हणून मेव्हण्याची अब्रू पणाला. इतकं करण्यापेक्षा इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क-जीवनसत्त्वाची पूड आणा. या तिन्हींच्या मिश्रणात फिल्म धुता येते, कॉफीत तर १९९५पासून लोक धूत आले आहेत. वास मात्र भयंकर येतो, तेवढी पूर्वकल्पना घरी द्या.

तेव्हा टाकी स्वस्त घ्यायची तर खुशाल घ्या, चारचौघांत नाव घेण्यासारखी नसली तरी चालेल. खोका उघडल्यावर आधी मधली नळी आहे का बघा. मग रिळाच्या खाचेतून नख फिरवा, अडलं तर परत करा. उजेडात वाया गेलेली जुनी फिल्म भरून बघा, कोरड्या हातानं, दिवा लावून आणि मग डोळे मिटून. शेवटी अंधारात फोटोच्या कागदाची एक पट्टी आत ठेवून टाकी बंद करा आणि अर्धा तास बाल्कनीत ठेवा. ऊन इथे फुकट आहे आणि भेसळही नाही. पट्टी डेव्हलपरमध्ये टाकल्यावर पांढरीच राहिली तर टाकी ठेवून घ्या. राखाडी झाली तर दुकानदाराला मुदतीच्या आत परत द्या, आणि तोवर पावती फ्रिजवर लावून ठेवा.